टेकडीवरून एकही तक्रार नाही

४ फेब्रुवारी

आत्याबाई,

नमस्कार आणि राग, दोन्ही एकाच पाकिटातून पाठवते आहे. सलग पाच रविवार फोन केला. पाचही वेळा नुसती रिंग वाजत राहिली. मेसेज केला, "कशी आहेस?", तर तू उलट एक अंगठा पाठवलास. मग तुझं कार्ड आलं: "मला आता फोनचा वीट आलाय. बोलायचं असेल तर पत्र लिही." एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे ट्रंक कॉल जोडणाऱ्या बाईला फोनचा वीट? मला पटत नाही. पण बाबा म्हणाले, "ताईने एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. लिही मुकाट्याने." म्हणून लिहिते आहे, मुकाट्याने नाही.

नोकरीत माझी कसोटी लागली आहे. आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि सांभाळते, हे तुला माहीत आहे. मुख्य ऑफिस आणि तीन शाखा: नदीकाठची, बाजारातली, टेकडीवरची. प्रत्येक शाखेतून मुख्य ऑफिसपर्यंत एकेक इंटरनेटची लाईन, आणि सगळं त्याच लाईनवरून जातं. मेल, नकाशे, मीटिंगा आणि लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे आवाजसुद्धा. माणूस अडकला की लाल बटण दाबतो, आणि त्याचा आवाज जवळच्या शाखेतून आमच्या कंट्रोल रूममध्ये येतो. गेल्या महिन्यात एक शिक्षिका अडकल्या. त्यांचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी आला: "मी... सात... दम..." बस्स. कारण नेमक्या त्याच वेळी, त्याच लाईनवरून, बाजारातल्या शाखेतून एका अख्ख्या इमारतीचे नकाशे येत होते. बाईंना काढायला पाऊण तास लागला.

मोठे साहेब म्हणाले, सगळीकडे दुप्पट मोठी लाईन घेऊन टाका. माझी जीभ तुला माहीतच आहे. भर मीटिंगमध्ये म्हटलं, "साहेब, लाईन लहान नाही, बेशिस्त आहे. कपाट मोठं आणलं की कपडेही वाढतात. आधी रांग लावू, कोण आधी, कोण नंतर." साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मार्चअखेरपर्यंत दाखव. जमलं तर नेटवर्कचं खातं तुझं. नाही जमलं तर परत प्रिंटरची शाई बदलायला."

तर आत्या, तुझ्या भाचीचं पुढचं सगळं त्या रांगेवर अवलंबून आहे. आशीर्वाद दे. आणि फोन उचल.

तुझी
टिटवी


१० फेब्रुवारी

टिटवे,

पत्र मिळालं. रागाचं वजन फार होतं, पोस्टाने जादा तिकीट कसं लावलं नाही याचं नवल वाटतं. अंगठा म्हणजे "ठीक आहे". एवढी शिकलीस आणि इतकं कळू नये?

तू जे करायला निघाली आहेस, ते आम्ही दोर खोचून करायचो. समोर बोर्ड, त्यावर भोकंच भोकं. दिवा लागला की दोर उचलायचा, खोचायचा, विचारायचं. साधा कॉल, तातडीचा कॉल, अतितातडीचा कॉल. गावाकडे जाणारी तार एकच, आणि बोलायचं सगळ्यांना. अख्ख्या एक्स्चेंजमध्ये माझ्यासारखा कान कोणाचा नव्हता. हे मी नाही म्हणत, आमच्या सुपरवायझरबाई म्हणायच्या, आणि कौतुक करताना त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. पलीकडून नुसता श्वास आला तरी मी सांगायचे, हा माणूस जिना चढून आलाय, याला दोन क्षण दम खाऊ दे.

अडकलेल्याचा आवाज पहिला, हे ठीकच. पहिला कोण ते ठरवायला अक्कल लागत नाही. शेवटचा कोण, ते ठरवताना लागते. तेवढं माझं कान टोचणं समज.

इकडे बरं आहे. शेजारच्या वहिनींचा घसा वर्षभर बसलेला आहे, नुसत्या पुटपुटतात. मी आपली "हो, हो" म्हणते. मंगळवारी कुकर जळला. हल्लीच्या कुकरच्या शिट्ट्यांत पूर्वीचा दम राहिला नाही. आशीर्वाद तर आहेच. मागून घ्यायची गरज नव्हती.

तुझी
आत्या


२१ फेब्रुवारी

आत्या, आत्या, आत्या!

जमलं! चार रांगा लावल्या. पहिली, आवाज: लिफ्टमधले आणि ऑफिसातले सगळे फोन. दुसरी, रोजचं काम आणि मेल. तिसरी, जड नकाशे. ते दहा मिनिटं उशिरा पोचले तर कोणी मरत नाही. चौथी आणि शेवटची, व्हिडिओ. आपल्या लोकांना मी ओळखते गं. डबा खाताना एकेक जण सिनेमे बघत बसतो. बसा म्हटलं, गोल फिरणाऱ्या चकलीकडे बघत.

परवा नदीकाठच्या शाखेच्या हद्दीत एक आजोबा अडकले. त्यांचा आवाज इतका स्वच्छ आला की कंट्रोल रूममधल्या मुलीने त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही शेंगा खाताय का?" खरंच खात होते. म्हणाले, "वेळ जात नव्हता." नऊ मिनिटांत बाहेर.

आवाज एवढा सुधारला म्हटल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. लोक तक्रारी मेलने पाठवायचे, दोन-दोन पानं, त्यात मुद्दा शेवटच्या ओळीत. आता लेखी तक्रार आली की आपोआप उत्तर जातं: "कृपया लिहू नका. फोन करा. आम्ही लगेच ऐकू." वाक्य मीच लिहिलं, आणि मला फार आवडलं. नदीकाठच्या तक्रारी अकरावरून दोनवर आल्या, बाजारातल्या नऊवरून तीनवर. टेकडीवर तर सगळ्यात बारीक लाईन, मला तिचीच धास्ती होती. तिथून एकही तक्रार नाही! शून्य! मी ते शून्य साहेबांना कागदावर मोठं काढून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात तुझ्या बाजूला काम निघेलसं वाटतंय. निघालं तर दत्त म्हणून दारात उभी राहीन.

तुझी (फुगलेली)
टिटवी


१ मार्च

टिटवे,

शाबास. आजोबांच्या शेंगांवर मी एकटीच पाच मिनिटं हसले. फार फुगू नकोस, दारातून आत यायला त्रास होईल. काम निघालं नाही वाटतं? मी दोन दिवस जिन्याकडे डोळे लावून होते.

तुला एक सांगते, कोणाला सांगितलेलं नाही. मी नोकरीत नवी होते, तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेनऊला करड्या कोटातला एक माणूस काउंटरवर आला. साधा कॉल. चिठ्ठी घेऊन बाकावर बसला. मधे तातडीचे कॉल येत गेले, मी नियमाप्रमाणे ते पुढे घेतले. तो मागे, पुन्हा मागे. एकदाही उठून विचारलं नाही, "बाई, माझं काय?" विचारणारे चार जण माझं डोकं खात होते, त्यांच्यात मी त्याला विसरूनच गेले. पाच वाजता त्याने चिठ्ठीची घडी केली, खिशात ठेवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याचा नंबर जोडायला घेतला, तर तो हात जोडून म्हणाला, "आता नको बाई. तिकडून तार आली."

नियम मी मोडला नव्हता. कोणी मला बोललंही नाही. पण त्यानंतर मी सुपरवायझरबाईंच्या मागे लागून दोन गोष्टी करवून घेतल्या. तीन तास थांबलेला साधा कॉल आपोआप तातडीचा. आणि त्या गावाला दुसरी तार. कारण रांग कितीही शहाणपणाने लावली तरी एका तारेवर दोन घरं बोलत नाहीत गं.

टेकडीवरून तक्रार नाही म्हणतेस. तिथे गेलीस का? तक्रार करणारा निदान अजून बोलतोय. जो गप्प बसला त्याच्याकडे आधी जावं.

आणखी एक गंमत. गुरुवारी दुपारी दार उघडलं तर उंबऱ्याशी संत्र्यांची पिशवी. वहिनींना विचारलं, तर त्या काहीतरी पुटपुटल्या. तुला काही सुचतं का, कोण असेल?

तुझी
आत्या


५ मार्च

आत्या,

संत्री मी ठेवली.

काम निघालं होतं. तुझ्याच रस्त्यावरच्या इमारतीत. दोन तास हातात होते, धावत जिना चढले. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दहा मिनिटं वाजवली, दार ठोकलं, हाका मारल्या. आत दिवा चालू होता. शेवटी पिशवी ठेवून निघाले.

फोन उचलत नाहीस ते समजू शकते. पण दारसुद्धा? काही चुकलं असेल तर सरळ कान उपट ना. लहानपणी उपटायचीसच. मी भांडायला आले नव्हते, तुला बघायला आले होते.

टेकडीवर जायला मला वेळ नाही. शून्य म्हणजे शून्य असतं. करड्या कोटातल्या माणसाबद्दल वाईट वाटलं, पण माझ्याकडे बाकावर कोणी बसलेलं नाही.

टिटवी


९ मार्च

टिटवे,

डोळा लागला होता. चुकलंच माझं. संत्री गोड होती, पण आता उरलेली घशाखाली उतरत नाहीत.

टेकडीवर जा. माझ्यावर रागव आणि जा.

आत्या


२० मार्च

प्रिय आत्या,

पत्र मोठं होणार आहे. चहा घेऊन बस, आणि गॅस बंद करून बस.

तुझी चिठ्ठी आली तेव्हा मी आणखी चिडले. कारण तू खोटं लिहिलं होतंस, आणि ते मला माहीत होतं. त्या दिवशी जिना उतरून मी रस्त्यावरून वर पाहिलं होतं. तू खिडकीत होतीस, दाराकडे पाठ करून, इस्त्री करत होतीस. निळी चादर होती. चांगली जागी होतीस. म्हणजे मला टाळत होतीस, असं मी धरून चालले. चिडक्या माणसाला घरी बसवत नाही, म्हणून शुक्रवारी सकाळी पहिल्या बसने टेकडीवर गेले.

दोन खोल्यांचं ऑफिस. पाच माणसं. चौघांनी मला बघून, "वा, फोन काय छान चालतात हो आता!" म्हटलं. पाचवे ड्राफ्ट्समन. लिफ्टच्या खड्ड्यांचे आणि दारांचे नकाशे काढतात, चौदा वर्षं कंपनीत आहेत. त्यांनी मान वर केली नाही. मी मागून दोनदा हाक मारली. मग दिसलं की त्यांच्या टेबलावर, पेन्सिलींच्या डब्याला टेकवून, एक लहानसा आरसा ठेवला आहे. आरशात मी दिसले, तसे ते वळले आणि हसले. आत्या, त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही.

मला हे माहीत नव्हतं. मुख्य ऑफिसातल्या थोरल्या ड्राफ्ट्समनबाईंना खुणांची भाषा येते. रोज सकाळी दहा वाजता त्या दोघांचं व्हिडिओवर बोलणं होतं, दिवसाचं सगळं काम त्या हातांनी समजावून सांगतात. होत होतं, म्हणायला हवं. मी व्हिडिओ शेवटच्या रांगेत टाकला, आणि त्या बारीक लाईनवर शेवटच्या रांगेला उरतं काय? त्यांनी मला लावून दाखवलं. बाईंचा हात वर जातो आणि तिथेच गोठतो. मग एकदम तिसऱ्याच जागी दिसतो. मधलं वाक्य गेलं. बाईंना वाटत होतं, टेकडीवरची बारीक लाईन अशीच चालायची. महिनाभर हा माणूस अर्ध्या वाक्यांवरून नकाशे काढत होता. दोन चुकले. साहेबांच्या सहीचा कागद आला, "कामात लक्ष नाही."

मी कागदावर लिहून विचारलं, तक्रार का नाही केली? त्यांनी शांतपणे कॉम्प्युटरवर एक मेल उघडून दाखवला. तक्रार केली होती, तीन ओळींची, स्वच्छ. त्याखाली माझं उत्तर: "कृपया लिहू नका. फोन करा. आम्ही लगेच ऐकू."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ड्रॉवरमध्ये त्यांचा राजीनामा लिहून तयार होता. मी हात जोडले आणि लिहिलं, "एकतीस तारखेपर्यंत थांबा." त्यांनी पेन्सिल उचलली आणि खाली लिहिलं, "उजेडाकडे तोंड करून उभ्या राहा. ओठ दिसत नाहीत."

परतीच्या बसमध्ये मी रडले, आणि रडता रडता मला कुकर आठवला. शिट्ट्यांमध्ये दम राहिला नाही म्हणे. आणि वहिनींचा वर्षभर बसलेला घसा. आणि फोनचा वीट. आणि निळी चादर.

आत्या, तू मला टाळत नव्हतीस ना? तुला बेल ऐकूच आली नव्हती.

एकतीसला मी साहेबांना सगळं सांगणार आहे. मग शाई तर शाई.

तुझीच
टिटवी


२४ मार्च

टिटवे,

माझं राहू दे. साहेब काय म्हणतात ते आधी कळव. आणि सांगताना मान खाली घालू नकोस. चूक तूच शोधून काढली आहेस.

आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

मान खाली घातली नाही.

आधी चांगलं सांगितलं: अडकलेला माणूस आता सरासरी बारा मिनिटांत बाहेर येतो. मग तो शून्य काढलेला कागद काढला आणि म्हटलं, "साहेब, हे शून्य खोटं आहे. टेकडीवरच्या माणसाचं तोंड मीच बंद केलं होतं." सगळं सांगितलं. थोरल्या बाई समोरच बसल्या होत्या. त्या टिपं गाळत नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

साहेब म्हणाले, "म्हणजे माझंच खरं. मोठी लाईन घ्यायला हवी होती."

मी म्हटलं, "अर्धं खरं. नदीकाठी आणि बाजारात रांग पुरते, तिथे घेऊ नका. टेकडीवरची लाईन खरंच अपुरी आहे, तिथे घ्या. आणि ड्राफ्ट्समनसाहेबांचा व्हिडिओ पहिल्या रांगेत जाईल, फोनच्या बरोबरीने. तो व्हिडिओ नाही, तो त्यांचा आवाज आहे." तुझ्या दुसऱ्या तारेची गोष्टही सांगितली, तुझं नाव न घेता. "आमच्या घरातल्या एका जुन्या जाणकार अधिकाऱ्यांचं मत" म्हणून.

साहेबांनी पुन्हा चष्मा काढला. "खातं आजच देत नाही. आणखी तीन महिने बघतो. तोवर सगळ्या तक्रारी तू स्वतः वाचायच्या. लिहिलेल्या." मग दारापर्यंत गेल्यावर मागे हाक मारून म्हणाले, "शाई दुसरं कोणीतरी बदलेल." त्या सहीच्या कागदाबद्दल त्यांनी ड्राफ्ट्समनना स्वतः माफीचं पत्र लिहिलं. मला कळवलं नाही, थोरल्या बाईंनी हळूच सांगितलं.

ड्राफ्ट्समननी राजीनाम्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला मला एक नकाशा काढून पाठवला आहे. आमच्या चार रांगांचा, पट्टीने आखून, मापांसकट. शेवटच्या रांगेत एक बाक काढलाय, त्यावर एक टिटवी बसलेली. करड्या कोटाची गोष्ट मी त्यांना लिहून सांगितली होती.

आता तुझं. राहू दे म्हणालीस, पण मी तुझीच भाची. तुला कोणाचा वीट आलेला नाही. एकतीस वर्षं कानावर काढलीस, तो कानच दगा देतो आहे हे कोणाला सांगायचं नव्हतं. आणि गप्प बसलेल्याकडे आधी जावं हे मला शिकवून स्वतः मात्र बाकावर गप्प बसून राहिलीस. मला राग आलाय, पण त्याहून जास्त तुझी आठवण येते आहे. आवाजाचीही, आणि कान उपटणाऱ्या हाताचीही.

१२ तारखेला, शनिवारी, सकाळी अकरा वाजता येते. खिडकीपाशी उजेडाकडे तोंड करून बसेन आणि सावकाश बोलेन. सावकाश बोलायला मला जमत नाही, पण सराव करते आहे. बाबा म्हणतात, तेवढ्यासाठी तरी ताईला आधीच ऐकू यायचं बंद व्हायला हवं होतं.

तुझीच
टिटवी


६ एप्रिल

माझ्या टिटवे,

जुन्या जाणकार अधिकाऱ्यांना आपला उल्लेख आवडला. तुझ्या बाबाला सांग, त्याचे कान मला अजून सापडतात.

पाच वेळा हे पत्र लिहायला घेतलं. पहिल्या चारांत तुला पुन्हा डोळा लागल्याचंच सांगत होते. पाचव्याच्या आधी वहिनींकडे गेले आणि म्हटलं, "वहिनी, तुमचा घसा नाही, माझा कान बसलाय." त्या रडल्याच. वर्षभर ओरडून ओरडून त्यांचा घसा आता खरंच बसलाय म्हणे. पुढच्या आठवड्यात त्या मला कानाच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. ड्राफ्ट्समनना माझा नमस्कार कळव. आरसा किती मोठा हवा, तेही विचार.

शनिवारी ये. खिडकीपाशी खुर्ची मांडून ठेवते. बेल वाजवू नकोस. मला ऐकू येत नाही. दार उघडंच ठेवते.

तुझी
आत्या